सिडकोतली असिरियन पलटण

सिडको, नाशिक
१२ नोव्हेंबर १९९५

ती. आक्कास,
दिनेशचा सविनय जय भीम वि. वि.

भाऊबीज करून तू मनमाडला सुखरूप पोचलीस हे दाजींच्या निरोपावरून कळलं. दाजींची गार्डाची नोकरी बरी, बायकोच्या पत्राआधी नवऱ्याची गाडी आमच्या स्टेशनात येते.

छापखान्याची बातमी तुझ्यासमोर काढली नाही, सणाचा विचका नको म्हणून. मालकांनी दुसरा कॉम्प्युटर घेतला आणि आमचं जुळणीखातं बंद केलं. इतकी वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे उचलून मी लग्नपत्रिका जुळवल्या, संस्थांचे अहवाल जुळवले. आता मला कागदाच्या घड्या घालायला बसवलंय. काल तिथल्या पोरग्याने विचारलं, काका, तुम्हाला खरंच उलटी अक्षरं वाचता येतात का. जणू मी सर्कशीतला आहे.

पण रडगाणं पुरे. देवळालीचे मेजर भरूचा तुला आठवतात? त्यांची पुस्तिका मी जुळवली होती. हे म्हातारे पारशी गृहस्थ जेवणाच्या टेबलावर बोटभर उंचीचे धातूचे सैनिक मांडतात आणि फासे टाकून जुन्या काळच्या लढाया खेळतात. आता त्यांना नजर साथ देत नाही, म्हणून रंगवायच्या राहिलेल्या सैनिकांची एक पेटी त्यांनी मला दिली. असिरियाची फौज! आजच्या इराकात पावणेतीन हजार वर्षांपूर्वी हे राज्य होतं. टोकदार शिरस्त्राणं, कुरळ्या दाढ्या, झालरीचे अंगरखे. मला सगळ्यात आवडते ती तिरंदाजांची जोडी. एक जण माणसापेक्षा उंच अशी वेताची ढाल धरून उभा राहतो आणि दुसरा तिच्याआडून बाण सोडतो. ढालवाल्याच्या हातात दुसरं काही नसतं. दुसऱ्याला वाचवायचं एवढंच त्याचं काम.

पेटी अर्धीमुर्धीच आहे. रथ एकच, तोही बिनचाकाचा. विलायतेहून मागवणं आपल्याला झेपणारं नाही. मालकांनी खिळे भंगारात काढले तेव्हा दोन पेट्या मी मागून घेतल्या. प्लास्टरचे साचे केले, स्टोव्हवर खिळे वितळवले आणि ओतले. पहिला घोडा तीन पायांचा निघाला. चौथ्या खेपेला जमला. सरिता म्हणते घरात माणसांना जागा नाही आणि हे घोडे आणतायत. आमची दीड वर्षाची संजी मात्र माझ्या मांडीला मांडी लावून बसते. घोडा हा तिचा नवा शब्द, ‘घोआ’. मेजरसाहेबांनी हात धुवून जेवायला बजावलंय. मी म्हटलं, साहेब, अर्धं आयुष्य शिशात गेलं, मला काय झालं?

दाजींना जय भीम. तुझी माया आहे तश्शी ठेव, कमी केलीस तर पलटण घेऊन चालून येईन.

तुझा
दिनेश


मनमाड
३ डिसेंबर १९९५

चि. दिनेश यास,
आक्काचे अ. आ.

पत्र मिळालं. नळाला पाणी यायची वाट बघत बसले होते, तेवढ्यात दोनदा वाचून झालं. तू असिरिया लिहिलंस आणि मी वर्गातल्या पोरांना सांगून बसले की माझा भाऊ असुरांचं सैन्य पाळतो. आता रोज विचारतात, बाई, राक्षस किती झाले?

छापखान्याचं वाचलं. बाबांनी तुला त्या खात्यात चिकटवलं तेव्हा केवढ्या अभिमानाने सांगायचे, आमचा दिनू अक्षरं लावतो. पण घड्या तर घड्या, नोकरी टाकू नकोस. आणि मनात ठेवत जाऊ नकोस. लहानपणापासून तुझी तीच खोड, ताप आला तरी सांगायचा नाहीस.

संजी भाऊबिजेला मला जरा फिकट वाटली. दात येत असतील. शेंगदाणे-गूळ कुटून दे, मेथीची भाजी भाकरीत मळून दे. दुधासाठी सरिताच्या मागे लाग.

तुझ्या राक्षसांना माझं ओवाळणं सांग. पत्राला उशीर करशील तर मनमाडहून येऊन कान धरीन, इतकंच.

तुझी
आक्का


सिडको, नाशिक
९ मार्च १९९६

ती. ताईंस,
सरिताचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांच्या नकळत लिहिते आहे. कृपा करून उत्तर शाळेच्या पाकिटात, माझ्या नावावर टाका.

ह्यांना छापखान्यातून काढून टाकलं. पंधरवडा झाला. मलाही शेजारून कळलं. हे रोज डबा घेऊन निघत होते आणि संध्याकाळी परत येत होते. दिवसभर कुठे असतात विचारलं तर बोलेनात. मग शेजारच्या नवसाबाईंच्या यजमानांनी त्यांना गोदावरीच्या पुलावर पाहिलं. कठड्याला टेकून खाली बघत उभे होते, चप्पल बाजूला काढून ठेवलेली. त्यांनी हाक मारून चहाला नेलं. घरी आले तेव्हा मला म्हणाले, ऊन होतं म्हणून पाण्यात पाय सोडायचे होते. पुलावरून कुणी पाण्यात पाय सोडतं का, ताई?

तेव्हापासून मी त्या सैनिकांना एक शब्द बोलत नाही. उलट स्टोव्ह पेटवून देते. साच्यात ओतताना, कानशीने घासताना ते माणसात असतात. मला राजाची, वेढ्याची गोष्ट सांगतात. हात थांबले की डोळे पुलावर जातात. वरणाची पळीसुद्धा मी त्यांना शिसं ओतायला देऊन टाकली.

संजीचं पण बरं नाही. पोट दुखतं म्हणून गुडघे पोटाशी घेऊन रडते. चार-चार दिवस शी होत नाही. भिंतीचा चुना खरवडून खाते, माती खाते. डॉक्टरांनी जंताचं औषध आणि रक्तवाढीचं टॉनिक दिलं. नामपूरहून आई आली होती, ती म्हणाली, पोरनं तोंड कसं पिवळं पडी जायेल शे. नवसाबाईंनी दृष्ट काढली. आपण हे मानत नाही, पण मी काढू दिली. सगळ्यात भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ती बोलत होती ते शब्द विसरत चालली आहे. पाणी म्हणत नाही, नुसतं बोट दाखवते.

एका घरात दोघं मुकी झाली आहेत आणि मी दोघांशी एकटी बोलते आहे. तुम्ही मोठ्या आहात, मार्ग सांगा. तुमचाच आधार धरून आहे.

तुमची
सरिता


मनमाड
१४ मार्च १९९६

सौ. सरितास,
अ. आ.

तुझं पत्र घेऊन मी शाळेच्या मोरीत जाऊन रडले आणि तोंड धुऊन वर्गावर गेले.

तू करतेस तेच बरोबर आहे. त्याचे हात रिकामे राहू देऊ नकोस. खिळे संपत आले असतील ना? मालगाडीच्या डब्यांना शिशाची सिलं लावतात. माल उतरवताना ती तोडून टाकतात, यार्डात कचऱ्यात पडलेली असतात. तुझे दाजी पिशवीभर गोळा करून आणतायत. परवाच्या गाडीने स्टेशनवर देतील. दिनेशला सांग, आक्काला पूर्ण पलटण बघायची आहे, रथांसकट. माझ्यासाठी कर म्हणावं. माझा शब्द त्याने कधी मोडला नाही.

संजीला दुसऱ्या डॉक्टरकडे ने. मुलं कधीकधी बोलायची थांबतात, आपला दिनूच तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. लोहाचं टॉनिक बंद करू नकोस. शाळेची परीक्षा झाली की मी येतेच.

खचू नकोस, बाई. तू उभी आहेस म्हणून ते घर उभं आहे.

तुझी
ताई


सिडको, नाशिक
१९ मे १९९६

ती. आक्कास,
दिनेशचा सविनय जय भीम वि. वि.

तुझी सिलं म्हणजे सोनं निघाली! खिळ्यांचा धातू कडक, बारीक हात ओतताना मोडायचे. सिलांचं शिसं मऊ, दोन्ही मिसळले की झालरीची झालर उठते. रथ झाले, आक्का. चार घोड्यांचे, आत चौघे उभे. तट फोडायचं चाकावरचं यंत्रही झालं. मेजरसाहेबांनी हातात घेऊन चाचपलं आणि म्हणाले, विलायतेत हे कुणी हातावर ओतलंय असं सांगितलं तर विश्वास ठेवणार नाहीत. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला नीट झोप लागली.

तू आणि सरिता माझ्याबद्दल पत्रं लिहिता हे मला ठाऊक आहे. रागावलो नाही. पुलाचं खरं होतं. आता तसं मनात येत नाही. तूच त्या पिशवीतून जीव पाठवलास म्हण.

एकच घोर आहे, संजीचा. दुसऱ्या डॉक्टरनेही तेच टॉनिक दिलं. रात्ररात्र किंचाळते. सरिता दमून जाते, मग मी पोरीला घेऊन ओट्यापाशी बसतो. कशानेच थांबत नाही, पण एक ढालवाला हातात दिला की गप्प होते. तोंडात धरून चोखते आणि माझ्या खांद्यावर झोपते. तेवढंच माझ्या हातून तिच्यासाठी होतं. निदान काही तरी होतं.

सुटीत येतेस ना? पलटण मांडून ठेवतो. आम्हा तिघांवरचा हात काढू नकोस.

तुझा
दिनेश


मुंबई
११ जून १९९६

ताई,

नमस्कार-चमत्कार लिहायला हात वळत नाही. दाजींच्या ओळखीच्या गार्डाबरोबर चिठ्ठी पाठवते.

शुक्रवारी संजीला आकडी आली. एक थांबली की दुसरी. नाशिकच्या डॉक्टरांनी मेंदूचा ताप म्हणून इथल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दोन दिवस पाठीतून पाणी काढत होते, ताप कसला ते कळेना. मग एक लहान मुलांचीच डॉक्टर आली. तिने संजीच्या हिरड्या बघितल्या, गुडघ्याचा फोटो काढायला लावला. हाडाच्या टोकाला पांढरी रेघ निघाली. तिने मला विचारलं, घरात कुणी बॅटरीचं काम करतं का? छापखान्यातले खिळे? शिसं?

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला सगळं कळलं, ताई. चुना, माती, पोट, गेलेले शब्द. ओट्यावरचा धूर आणि कानशीची पूड. त्याच ओट्यावर मी पोळ्या लाटत होते. मी स्टोव्ह पेटवून दिला.

विष बाहेर काढायच्या सुया चालू आहेत. मांडीत खोलवर देतात. ती बेशुद्धीतही कण्हते. जगेल का विचारलं तर डॉक्टरीण म्हणाली, आजची रात्र जाऊ दे. रोज तेच म्हणते.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. खाली पायरीवर बसलेत, दोन दिवस काही खाल्लं नाही. मला त्यांचा गळा धरावासा वाटतो. आणि त्याच क्षणी वाटतं, हे कळलं तर ते परत पुलावर जातील, ह्या वेळी चहाला कुणी नेणार नाही. मी इथून उठू शकत नाही. ताई, या. मिळेल त्या गाडीने या. त्यांना तुम्ही सांगा, मला जमणार नाही. सांगताना त्यांना धरून ठेवा.

सरिता


सिडको, नाशिक
१७ जून १९९६

सौ. सरितास,
अ. आ.

काल तुझ्या दाजींनी निरोप आणला, संजीने डोळे उघडले. मी ओल्या फडक्यासकट खाली बसले.

दिनेशला मी गाडीत सांगितलं. घर धुवायला माझ्याबरोबर चल म्हणून त्याला घेऊन मुंबईहून निघाले. त्याला खिडकीशी बसवलं, मी अलीकडे. दाजींना दारात उभं केलं. घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली तेव्हा सांगितलं. त्याने खिशातून एक सील काढलं, कोण जाणे कधीपासून होतं, आणि जिभेवर ठेवलं. मग म्हणाला, आक्का, किंचित गोड लागतं गं. मी भर गाडीत त्याच्या थोबाडीत मारली, ते सील थुंकायला लावलं आणि मग त्याला पोटाशी धरलं. नाशिक रोड येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरणीने सांगितलं तसंच केलं. झाडू अजिबात मारला नाही, पूड उडते म्हणून. सगळं घर ओल्या फडक्यांनी पुसलं, परत परत. भिंती ओल्या करून खरवडल्या आणि नवा रंग दिला. पळी, पातेली, ओट्याखालचं फडताळ, सगळं काढलं. दिनेश गुडघ्यावर बसून फरशीच्या फटी सुईने कोरत होता. बोटं सोलली तरी उठेना.

पलटण गोदावरीत टाकतो म्हणाला. मी म्हटलं, त्या पाण्यावर कुणाकुणाची पोरं वाढतात. भंगारवाल्याला द्यावी तर त्याच्या अंगणातही लेकरं असणार. शेवटी मेजरसाहेबांकडे नेली. एकटा माणूस, घरात मूल नाही. त्यांनी सगळी लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं. म्हणाले, दिनेश, मी तुला फक्त हात धुवायला सांगितलं, बाकीचं सांगायचं राहिलं. 

काल तो मला म्हणाला, मला जगायचा हक्क नाही. मी त्याला म्हटलं, त्यातलं निम्मं शिसं मी पाठवलं. स्टोव्ह तुझ्या बायकोने पेटवला. मग आम्ही तिघं एकामागोमाग पुलावर जाऊ का? आणि मुंबईहून पोर येईल ती कुणाकडे येईल? त्यावर त्याने पुढ्यातली भाकरी खाल्ली.

तू त्याच्याशी बोललीच पाहिजेस असं मी म्हणत नाही. मनात असेल ते असू दे. फक्त घरात घे. एवढं माझ्यासाठी करशील का?

तुझी
ताई


सिडको, नाशिक
२ फेब्रुवारी १९९७

ती. ताईंस,
सरिताचा सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते लिहिते. संजी चालते, पण उजवा पाय ओढते. परत बोलायला लागली, पण शब्द शोधत थांबते आणि सापडला नाही की डोकं भिंतीवर आपटते. डॉक्टरीण म्हणाली, गेलेलं सगळं येणार नाही, किती येईल ते आत्ता सांगता येत नाही.

हे एका दुकानात हिशेबाला लागलेत. घरी आल्याबरोबर कपडे बदलतात, कोपरापर्यंत हात धुतात, मग तिला घेतात. दुकानात धूळसुद्धा नाही, तरी धुतात. मी त्यांना घरात घेतलं. जेवायला वाढते. बोलणं कामापुरतं. कधी रात्री ते तिला थोपटताना दिसतात आणि मला राग येतो, कधी कीव येते, कधी दोन्ही इतकं एकदम येतं की मी उठून भांडी घासते. तुम्हाला खोटं सांगून काय करू? तुम्ही सांगितलंत एवढंच, घरात घे. तेवढं झालं आहे. पुढचं माझ्याच्याने होईल तेव्हा होईल.

तुम्ही येत राहा. तुम्ही असलात की आम्ही दोघं एका खोलीत बसतो.

तुमची
सरिता


सिडको, नाशिक
२४ ऑगस्ट २००३

ती. आक्कास,
दिनेशचा सविनय जय भीम वि. वि.

आता सगळे फोनवरच बोलतात. दाजी हसतील, हा अजून पत्र लिहितो. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. गावात कुंभमेळ्याची गर्दी आहे, दुकान बंद आहे, म्हणून निवांत बसलो.

संजी नऊ वर्षांची, अजून पहिलीत. काल शाळेतून आली आणि दप्तर न काढताच मला विचारलं, पप्पा, मी जन्मापासून मठ्ठ आहे का? वर्गातल्या कुणीतरी म्हटलं होतं. आजवर आपण सगळे तिला ताप आला होता, तापाने झालं, असंच सांगत आलो. सरिता ओट्यापाशी होती. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. तू सांग असंही नाही, सांगू नको असंही नाही.

मी सांगितलं. तुला कळेल अशा शब्दांत सांगतो म्हटलं आणि सगळं सांगितलं. तू चांगली होतीस. मी घरात विष आणलं. मला ते विष आहे हे पुरतं कळलं नव्हतं, पण आणलं मी. तू रडायचीस तेव्हा मीच तुझ्या हातात देत होतो. मध्येच सरिताने पुढचं सांगितलं. स्टोव्ह मी पेटवायचे, असं ती म्हणाली. सात वर्षांत आम्ही दोघं त्याबद्दल पहिल्यांदा एकत्र बोललो, तेही संजीशी.

मला वाटलं, आता ही मला मारेल, आरडाओरडा करेल. मी तयार होतो, आक्का. खरं तर वाटच बघत होतो. पण तिने शब्द शोधला, सापडेपर्यंत थांबली आणि विचारलं, ते सैनिक छान होते का?

खोटं बोलता आलं नाही. हो म्हटलं. फार छान होते.

मग म्हणाली, मला दाखवा. मी म्हटलं, ते आता नाहीत. मेजरसाहेब वारले, त्यांचं घर विकलं गेलं, पेटी कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. तेव्हा ती रडायला लागली. गेलेल्या शब्दांसाठी नाही, पायासाठी नाही. सगळ्यांनी बघितले आणि मलाच आठवत नाहीत, म्हणून. खूप रडली. गुडघे पोटाशी घेऊन, अगदी तेव्हासारखी.

माझ्या हातात तिला द्यायला काही नव्हतं. मी फरशीवर तिच्याजवळ बसलो. थोड्या वेळाने सरिता गॅस बंद करून आली आणि पलीकडे बसली. कुणी तिला गप्प केलं नाही. तिचं रडून होईपर्यंत आम्ही तिथेच होतो.

तिला खरं सांगितलं म्हणून रागावणार नसशील तर ये. आणि रागावणार असशील तरी ये.

तुझा
दिनेश